बाईचे काम कोणत्या विषयात मोडते?

आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात वैकल्पिक विषयांची यादी असते, तीत ‘स्त्री-अभ्यास’ हा विषय अगदी शेवटी छापलेला असतो. शेवटी छापलेला विषय म्हणजे सोपा विषय, असा विद्यार्थिवर्गात एक समज आहे. मी हा विषय घेतल्याचे कळताच कोणी म्हणाले, हे गृहविज्ञानाचेच नवे नाव असणार. कोणी म्हणाले, यात भाषणे आणि घोषणा असतात, पेपर सहज निघतो. वर्गातल्या एका मित्राने मात्र नीट विचारले, “पण हा विषय नक्की कोणत्या विभागाचा?” आमचा अर्थशास्त्राचा विभाग पहिल्या मजल्यावर, मराठीचा दुसऱ्या मजल्यावर, इतिहास आणि राज्यशास्त्र यांना मिळून एक खोली. स्त्री-अभ्यासाला खोली नाही. आठवड्याचे चार तास चार वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक येऊन घेतात. त्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझा मुख्य विषय अर्थशास्त्र. स्त्री-अभ्यास त्याच्या जोडीला. दोन वर्षांच्या वाचनानंतर माझे मत असे झाले आहे की स्त्री-अभ्यास म्हणजे स्त्रियांविषयीच्या माहितीचा साठा नव्हे. एखादा साधा प्रश्न हाती घ्यावा आणि एकेका विभागाच्या दाराशी जावे. प्रत्येक विभाग त्याचे थोडे उत्तर देतो आणि उरलेला भाग ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत करतो. असे जे परत येते ते गोळा करून त्याचा अभ्यास करायचा, अशी या विषयाची माझ्यापुरती कामचलाऊ व्याख्या आहे. ती पटवून देण्यासाठी मी एकच प्रश्न घेते : खेड्यातली बाई किती काम करते?

त्याआधी या विषयाचा जन्म थोडक्यात सांगितला पाहिजे. १९७१ साली केंद्र सरकारने देशातील स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. समितीत कायद्याच्या लोतिका सरकार होत्या, मानववंशशास्त्राच्या लीला दुबे होत्या, मुंबईच्या कामगार चळवळीतल्या मणिबेन कारा होत्या. समितीचा ‘समानतेकडे’ हा अहवाल १९७४ अखेर तयार झाला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांची स्थिती आपोआप सुधारत चालली आहे, असे शिकल्यासवरलेल्या मंडळींनी गृहीत धरले होते. अहवालाने दाखविले की दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या आणि १९७१ साली ९३० उरल्या होत्या. हे आकडे जनगणनेत दर दहा वर्षांनी छापले जातच होते. पण त्यांकडे त्या दृष्टीने पाहणे हे कोणत्याही एका विद्याशाखेला आपले काम वाटले नव्हते. त्याच १९७४ साली मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन सुरू झाले. १९८१ साली तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद भरली, १९८२ साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९८७ साली पुणे विद्यापीठात केंद्र निघाले. तेच आजचे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र. सनावळी इथे पुरे.

आता प्रश्नाकडे येऊ. बाई किती काम करते हे पाहण्यासाठी अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रथम जनगणना उघडतो. मीही उघडली. १९६१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के स्त्रिया कामकरी होत्या. १९७१ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले. १९६१ साली कामकरी स्त्रिया साडेपाच कोटींच्याही पुढे होत्या, त्या दहा वर्षांत तीन कोटींच्या आसपास आल्या. वाचकहो, या दहा वर्षांत देशावर असे कोणते संकट कोसळले होते की निम्म्या कामकरी स्त्रिया घरी बसाव्यात? तसे काही घडले नव्हते. बदलली होती ती व्याख्या. १९६१ साली शेतीसारख्या हंगामी कामात जी व्यक्ती हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाभराहून अधिक काम करी, ती कामकरी धरली जात असे. १९७१ साली प्रत्येकाला ‘तुमचे मुख्य काम कोणते?’ असे आधी विचारण्यात आले. बाईच्या बाबतीत उत्तर आले, ‘घरकाम.’ घरकाम हे मुख्य काम म्हणून लिहिले गेले की ती बाई कामकऱ्यांच्या रकान्यातून बाहेर. मग ती खुरपणीला जात असो, कापूस वेचत असो की गोठा सांभाळत असो. १९८१ साली ‘मुख्य कामकरी’ आणि ‘सीमांतिक कामकरी’ असे दोन वर्ग केले गेले. १९९१ साली, स्त्रियांच्या अभ्यासकांनी आणि संघटनांनी बराच आग्रह धरल्यावर, कुटुंबाच्या शेतात वा धंद्यात मोबदल्याशिवाय केलेल्या कामाचा उल्लेख प्रश्नातच घालण्यात आला.

अर्थशास्त्राच्या तासाला हे आम्हांला ‘आकडेवारीची तुलनीयता’ या मथळ्याखाली चार ओळींत शिकविले होते. त्या चार ओळी चुकीच्या नाहीत. पण ‘मुख्य काम कोणते?’ या प्रश्नाला ‘घरकाम’ हेच उत्तर का येते, याचा उलगडा तिथे होत नाही. तो शोधायला समाजशास्त्राकडे जावे लागले आणि त्याहून अधिक भाषेकडे. प्रगणक दाराशी येतो तेव्हा बहुधा घरातला कर्ता पुरुष बोलतो. तो नसला आणि बाई बोलली तरी ती स्वतःच म्हणते, “मी काय करते, घरीच असते.” आपल्या भाषेत ‘काम’ या शब्दाला एक उंबरठा आहे. उंबरठ्याबाहेर पैसे घेऊन केले तर ते काम, आत केले तर ते नुसते ‘करणे’. नवरा शेतकरी आणि त्याच शेतात त्याच्याइतकीच राबणारी ती शेतकऱ्याची बायको. ‘शेतकरीण’ हा शब्द मराठीत आहे, पण सरकारी अर्जावर तो मी पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी आम्ही सहा विद्यार्थ्यांनी जवळच्याच एका गावात ‘दिवसाची वही’ हा उपक्रम केला. सहांत दोन मुलगे होते, हे मुद्दाम नमूद करते. दिवस पहाटे चारपासून धरायचा, त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडायचे आणि प्रत्येक रकान्यात बाई काय करते ते लिहायचे. सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीचीच ही पद्धत आहे. पहिल्याच दिवशी रकाने अपुरे पडले. चुलीवर भाकरी, मांडीवर मूल आणि दारात आलेल्या शेळीला हाकलणे हे सगळे साडेसहा ते सात या एकाच रकान्यात. यातले ‘मुख्य’ कोणते? आमच्यातला संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणाला, एक निवडा. इतिहासाची मैत्रीण म्हणाली, तिन्ही लिहा. दोघांचा वाद अर्धा तास चालला. म्हणजे आणखी एक रकाना गेला! सरकारी पाहणीतही एका रकान्यात एकाहून अधिक कामे नोंदविण्याची सोय आहे, हे आम्हांला मागाहून वाचनात आले.

त्या सरकारी पाहणीचे आकडे विद्यार्थिमित्रांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १९९८-९९ साली सहा राज्यांत पहिला प्रयोग झाला होता, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याही आधी देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधील खेड्यांत अशी पाहणी केली होती. संपूर्ण देशाची पाहणी २०१९ साली झाली. तीत असे दिसले की सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात मोबदल्याविना घरकाम करतात, पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के. करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे, करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास! पुरुष मुळीच काही करीत नाहीत असे म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी तो दीड तासही पाहावा. आणि जे पुरुष तो करतात ते चारांत एकच आहेत, हे मित्रांनी पाहावे.

हे पाच तास राष्ट्रीय उत्पन्नात का येत नाहीत? इथे प्रश्न पुन्हा अर्थशास्त्राकडे येतो आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत गमतीची जागा हीच आहे. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखविले होते की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न घटते, जेवण तेच असले तरी. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत नंतर एक रेषा ओढण्यात आली. घरच्या वापरासाठी वस्तू निर्माण केली तर ती उत्पादनात धरता येते, घरच्यांची सेवा केली तर नाही. त्या रेषेप्रमाणे पाणी भरून आणणे हे उत्पादन. जात्यावर दळणे हेही उत्पादन. पण त्याच पिठाची भाकरी थापली की ती रेषेच्या पलीकडे! आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत तर घरकाम करणाऱ्या बाईला दोन क्रमांक आहेत : ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकामाबरोबर सरपण गोळा करणे, घरच्यासाठी शिवण वगैरे करणे. दोन्ही क्रमांक कामकऱ्यांच्या बाहेरचे. आमच्या गावातल्या वह्यांमधल्या बहुतेक बायका या दोन क्रमांकांत ये-जा करीत होत्या, तीही एकाच दिवसात.

हा केवळ रकान्यांचा वाद असता तर मी तो परीक्षेपुरता वाचून सोडून दिला असता. तो तसा नाही, हे कायद्याच्या तासाला कळले. जिचे काम काम म्हणून लिहिलेले नाही तिचा हक्क सांगायला आधार कोणता? याचे चांगले उदाहरण विडी कामगार स्त्रियांचे आहे. सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. कारखान्याच्या फाटकातून त्या आत जात नाहीत, म्हणून त्या कामगार नव्हेत, असे म्हणणे सहज शक्य होते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानले. म्हणजे कायद्याने ठरविले तर उंबरठ्याच्या आतले कामही काम ठरू शकते. शेतीत मात्र हे घडलेले नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. नांगरणी सोडली तर शेतातले कोणते काम बाई करीत नाही, असे विचारले तर आमच्या गावातले म्हातारेही हसतात. सातबाऱ्यावर नाव मात्र पुरुषाचे. पीककर्ज, अनुदान, नुकसानभरपाई, सगळे त्या कागदावर. नवरा गेला आणि जमीन सासऱ्याच्या नावे असली तर त्या बाईने वीस वर्षे केलेल्या शेतीचा एकही कागद तिच्याजवळ नसतो.

मग कोणी म्हणेल, मुलीला वारसा तर मिळाला आहे. मिळाला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वारस ठरली. वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्माने वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राच्या आधी अकरा वर्षे. पण तीत आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्टता आणली. कायद्याच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. आमच्या घरात ती इथे सुरू होते. माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. धाकट्या आत्याला मी याबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, “अगं, वाटा घेतला तर दिवाळीला यायला माहेर राहील का?” हे उत्तर कायद्यात बसत नाही आणि अर्थशास्त्रात तर नाहीच नाही. वर्षातून एक साडी आणि चार दिवसांचे माहेरपण यांची किंमत तिने अडीच एकरांपेक्षा अधिक धरली, तिला व्यवहार कळत नाही असे म्हणणे हा आगाऊपणा होईल. सासरी काही बिनसले तर उभे राहायला दुसरे घर असावे, हा तिचा हिशेब होता. नातेव्यवस्थेचा अभ्यास केल्याखेरीज तो हिशेब उलगडत नाही. घरात दोन भाऊ आहेत आणि मी एकटी. कधीतरी माझ्यासमोरही तो कागद येईल. तेव्हा काय करायचे ते मी अजून ठरविलेले नाही, पण सही करण्यापूर्वी तो वाचायचा एवढे नक्की केले आहे.

आतापर्यंत मी मराठी विभागाचे नाव काढले नाही म्हणून आमच्या मराठीच्या बाई रागावतील. खरे तर बाईच्या कामाची सर्वांत मोठी नोंद त्यांच्याच विभागाच्या हद्दीत आहे : जात्यावरच्या ओव्या. गी पॉयटवँ आणि हेमा राईरकर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाच्या घरात ओव्या गोळा केल्या. रचणाऱ्या बहुतेक निरक्षर. ज्या वेळी काम चालू आहे त्याच वेळी काम करणारीनेच केलेली ही नोंद आहे. ओव्या मोजून दळणाचे तास काढता येणार नाहीत, हे अर्थशास्त्रवाल्यांना मान्य. पण वहीतला ‘पहाटे ४ ते ५, दळण’ हा रकाना भरलेला असतो तेव्हा त्या तासात ती बाई कोणाशी बोलत होती, कोणावर रुसली होती, आणि तो तासच तिला दिवसात स्वतःचा म्हणून मिळत होता की काय, हे ओवीखेरीज कळत नाही. गिरणी आल्यावर श्रम वाचले ही गोष्ट चांगलीच. त्याबरोबर ओवी रचण्याची जागा गेली, हेही नोंदवावे लागते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ‘बाई’ असा एकच शब्द मी सबंध लेखभर वापरीत आले आहे आणि तो पुरेसा नाही. गावातल्या सहा वह्यांपैकी एक वही एका मोठ्या वाड्यातल्या सुनेची आहे आणि एक त्याच वाड्याचे अंगण झाडणाऱ्या बाईची. दोघींचा दिवस पहाटेच सुरू होतो, दोघी रात्री दहापर्यंत उभ्या असतात. पण एकीच्या कामाला प्रतिष्ठा आहे आणि दुसरीच्या कामाला जात चिकटलेली आहे. उंबरठा ओलांडायला मिळत नाही ही एकीची अडचण. दुसरीला तो ओलांडावाच लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो ठराविक कामासाठीच ओलांडू दिला गेला. प्रारंभीच्या स्त्री-अभ्यासात हा भेद पुसट राहिला होता, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे १९८९ चे ‘आम्हीही इतिहास घडवला’, बेबी कांबळे यांचे आत्मकथन ही पुस्तके नुसती साहित्य म्हणून वाचायची नाहीत. दफ्तरखान्यात ज्यांची कागदपत्रे नाहीत त्यांचा इतिहास भेटून, विचारून, ऐकून लिहिता येतो, हे दुसऱ्या पुस्तकाने प्रत्यक्ष करून दाखविले. पुण्याच्या केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राच्या वर्गात आणले ते याच जाणिवेतून. अंगण झाडणाऱ्या बाईंची वही भरताना आम्ही मजुरीचा रकाना ठेवला होता. तिला रोख पैसे थोडे आणि उरलेले शिळे अन्न, जुने कपडे असे मिळते. ते कोणत्या दराने लिहायचे, यावर आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनाही तत्काळ उत्तर देता आले नाही.

आता आक्षेपांविषयी थोडे. ‘सगळ्यातले थोडे थोडे, कशातच पुरते नाही’ हा आक्षेप आमच्या काही प्राध्यापकांचाही आहे आणि त्यात तथ्य आहे. चार तासांना चार प्राध्यापक येऊन गेले म्हणजे आंतरविद्याशाखीय अभ्यास झाला, असे होत नाही. चार पदार्थ एका ताटात वाढले तरी त्यांची भाजी होत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून हा शब्द सर्वत्र ऐकू येतो, म्हणून हे बोलणे अधिक जरूर आहे. माझा अनुभव असा, की ज्या विद्यार्थ्याचा एक पाया पक्का आहे त्यालाच दुसऱ्या विषयाचा उपयोग होतो. व्याख्या बदलली की आकडा कसा बदलतो हे मला अर्थशास्त्राने शिकविले होते, म्हणूनच १९६१ आणि १९७१ मधला फरक डोळ्यांत भरला. तेव्हा हा विषय एकट्याने घेऊ नये. कोणताही एक मुख्य विषय नीट धरावा आणि त्याला हा जोडावा.

‘पुढे काय?’ हा आक्षेप पालकांचा. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत हा स्वतंत्र विषय आहे, विद्यापीठांत केंद्रे आहेत. पण केंद्रांच्या अनुदानाची काळजी अधूनमधून डोके वर काढते आणि जागा थोड्या, हे लपविण्यात अर्थ नाही. ‘हा विषय मुलींचा’ या तिसऱ्या आक्षेपाला उत्तर देण्याची जबाबदारी मी आमच्या दोन मुलग्यांवर सोपविते. त्यांतल्या एकाने वहीसाठी स्वतःच्या वडिलांचाही दिवस मांडला आहे आणि तो वाचण्याजोगा आहे.

सहा वह्यांची बेरीज अजून व्हायची आहे. एका मुद्द्यावर ती अडली आहे. एका घरात तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळी सात ते आठ पुस्तक घेऊन बसते, मांडीवर धाकटा भाऊ असतो. तिने स्वतः त्या रकान्यात ‘अभ्यास’ असे लिहविले, तिच्या आईने ‘पोर सांभाळते’ असे सांगितले. सध्या दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. वह्या ग्रंथालयात स्त्री-अभ्यासाच्या कपाटात ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षी ज्यांना हा विषय घ्यावयाचा असेल त्यांनी ग्रंथपालांकडे मागून त्या पाहाव्यात, आणि त्या रकान्याबद्दल आपले मत कळवावे.